वाटेतल्या देशाचा नियम

मुंबई ते मेक्सिको सिटी. तिकीट विकणारे कोणतेही संकेतस्थळ उघडा. ते कुठून, कुठे, कधी आणि किती जण एवढेच विचारते. पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारत नाही. मग स्वस्त ते महाग अशी यादी येते आणि तीत न्यूयॉर्क, ह्यूस्टन, टोरांटो, लंडन, फ्रँकफर्ट अशा शहरांवरून जाणारे मार्ग भराभर दिसू लागतात. जर्मन किंवा जपानी प्रवाशाला ही यादी बरीचशी जशीच्या तशी वापरता येते. भारतीय पासपोर्ट असलेल्याला तिच्यातले कित्येक मार्ग बंद असतात, आणि पैसे भरून झाले तरी ते कोणी सांगत नाही. सांगतो तो विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी. तोवर बॅगा वजनकाट्यावर चढलेल्या असतात आणि घरचे काचेपलीकडून हात हलवत असतात.

त्या कर्मचाऱ्यावर रागावून उपयोग नसतो. योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी आणला, तर विमान कंपनीला दंड भरावा लागतो आणि त्याला परतही न्यावे लागते. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाने हा दंड माणशी हजारो युरोंच्या घरात नेला. त्यामुळे सीमेवरची पहिली तपासणी आता सीमेवर होतच नाही. ती मुंबईच्या सहार विमानतळावर, आपल्याच गावच्या मुलामुलींच्या हातून होते आणि संशयाचा फायदा प्रवाशाला मिळत नाही.

म्हणून परदेशी प्रवासाचा मार्ग ठरवताना क्रम उलटा हवा, असे माझे ठाम मत आहे. आधी थांबा निवडावा, मग विमान कंपनी, आणि भाडे सर्वांत शेवटी. थांबा निवडताना तो चांगल्या दिवशी किती सोयीचा, एवढेच पाहून भागत नाही. विमान चुकले, धुके पडले, युद्ध पेटले, तर तिथे आपले काय होईल, हेही पाहावे लागते.

पुष्कळांची समजूत अशी असते की, विमानतळाबाहेर पाऊल टाकले नाही म्हणजे आपण त्या देशात गेलोच नाही. व्यवहारात विमानतळाचे दोन भाग असतात. इमिग्रेशनच्या अलीकडचा तो एअरसाइड आणि पलीकडचा तो लँडसाइड. एअरसाइडला राहून एका विमानातून दुसऱ्यात बसता येते, हे खरे. पण तो भाग कोणाचाच नसलेला प्रदेश नव्हे. १९९२ च्या मार्चमध्ये चार सोमाली भावंडांना पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर वीस दिवस अडवून ठेवले होते. हे प्रकरण स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, नाव ‘आंतरराष्ट्रीय क्षेत्र’ असले तरी ती जमीन फ्रान्सचीच आहे. भावंडांच्या बाजूने लागलेल्या या निकालातून आपल्यालाही एक गोष्ट कळते. जमीन त्या देशाची, तर तिथे नुसते बसायलाही परवानगी मागण्याचा हक्क त्या देशाचाच. विमानतळ ट्रान्झिट व्हिसा उभा आहे तो या हक्कावर. निर्वासितांनी वाटेत उतरून आश्रय मागू नये, या हेतूने युरोपात तो पसरला. त्याची झळ मात्र नुसते पुढे जाऊ पाहणाऱ्या लाखो माणसांना बसते.

सर्वांत कडक वाट अमेरिकेची. तिथल्या विमानतळांवर आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी वेगळा ट्रान्झिट भाग जवळपास नाहीच. तुम्ही दोन तासांनी मेक्सिकोला जाणार असा की दोन वर्षांनी, न्यूयॉर्कला उतरलात की इमिग्रेशनसमोर उभे राहायचे, बॅगा घ्यायच्या, कस्टम्समधून जायचे आणि त्या पुन्हा द्यायच्या. पूर्वी काही प्रवाशांना व्हिसाशिवाय वाटेत थांबण्याची सोय होती. ऑगस्ट २००३ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ती थांबवली गेली. आता हातात अमेरिकेचा पर्यटक व्हिसा किंवा सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा हवा. ट्रान्झिट व्हिसासाठीही अर्ज, शुल्क आणि मुलाखत आलीच, म्हणजे केवळ वाटेसाठी तो काढण्यात शहाणपण नाही. ज्यांच्याकडे दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा आधीपासून आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसाही लागत नाही, वैध अमेरिकी व्हिसा तिथे चालतो. कोकणातले जहाजावर काम करणारे लोक हे सगळे कोळून प्यायलेले असतात. ह्यूस्टनला जहाज धरायचे तर सी-१ आणि डी असा जोडव्हिसा लागतो, हे रत्नागिरीच्या पोरालाही ठाऊक असते.

कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा फुकट आहे, पण तो काढावा लागतोच. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असूनही टोरांटो किंवा व्हँकूव्हरमार्गे जाणाऱ्या भारतीयाला कॅनडाची वेगळी परवानगी लागते, आणि इथे भले भले फसतात. ब्रिटनमध्ये भारतीयाला एअरसाइड थांबण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल, तर त्यातून सूट आहे. म्हणून मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या पुण्याच्या आजी-आजोबांना हीथ्रोवर कोणी अडवत नाही आणि जमैकाला निघालेल्या त्यांच्या शेजाऱ्यांना मात्र अडवतात.

युरोपातल्या शेंगेन देशांचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. या देशांची एक सामाईक यादी आहे. तिच्यातल्या बारा देशांच्या नागरिकांना कोणत्याही शेंगेन विमानतळावर एअरसाइड थांबायलाही व्हिसा लागतो. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका या यादीत आहेत, भारत नाही. पण प्रत्येक देशाला स्वतःच्या यादीत आणखी नावे घालण्याची मुभा आहे, आणि जर्मनी, फ्रान्स यांनी आपापल्या याद्यांत भारताचे नाव वर्षानुवर्षे ठेवले. नेदरलँड्सने तसे केले नाही. त्यामुळे नकाशावर शेजारी असलेली फ्रँकफर्ट आणि ॲमस्टरडॅम ही शहरे भारतीय प्रवाशासाठी दोन वेगळ्या जगांत होती. या याद्या बदलतात, नावे गळतात, नवी चढतात. गेल्या वर्षी मावसभाऊ फ्रँकफर्टवरून गेला, हा पुरावा धरून यंदाचे तिकीट काढू नये.

दुसरा सापळा याहून वाईट आहे, कारण तो बारा देशांच्या यादीत नसलेल्यांनाही धरतो. समजा, मुंबईहून पेरूची राजधानी लिमा गाठायची आहे आणि स्वस्त तिकीट मुंबई, म्युनिक, माद्रिद, लिमा असे आहे. शेंगेनच्या नियमाने म्युनिक ते माद्रिद हा अंतर्गत प्रवास ठरतो. त्या विमानात बसायचे तर म्युनिकलाच इमिग्रेशन पार करून शेंगेनमध्ये शिरावे लागते. तेव्हा विमानतळ ट्रान्झिट व्हिसा कामाचा नाही, पूर्ण शेंगेन व्हिसाच हवा. शेंगेनमध्ये एकच थांबा असलेला मार्ग आणि दोन थांबे असलेला मार्ग यांच्यात एवढे अंतर आहे. लिमाला ॲमस्टरडॅमहून थेट विमान जाते आणि मुंबईहून ॲमस्टरडॅमलाही. भाडे थोडे जास्त असले, तरी व्हिसासाठी जाणारे पैसे, दिवस आणि तोवर अडकून पडणारा पासपोर्ट यांचा हिशेब मांडला तर हा मार्ग सहसा स्वस्त पडतो.

मला या विषयात सर्वांत अन्यायकारक वाटते ती कॅरेबियनची परिस्थिती. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद या देशांत भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. ते आपले स्वागत करायला तयार आहेत. पण भारतातून तिथे थेट विमान नाही, आणि बहुतेक मार्गांवर लंडन, न्यूयॉर्क, मायामी, टोरांटो यांपैकी काहीतरी येते. २९ जून २०२४ रोजी ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमध्ये झाला. भारत जिंकला, अख्खी मुंबई पुढे मरीन ड्राइव्हवरच्या विजययात्रेला लोटली. पण तो सामना मैदानात बसून पाहायला इथून जायचे, तर यजमान देशाच्या व्हिसापेक्षा वाटेतल्या देशाच्या व्हिसाची चिंता मोठी होती. फिजीचेही असेच. व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो, पण सिडनीमार्गे गेलात की ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. त्याला शुल्क नाही, तरी अर्ज आहे आणि नकार मिळण्याची शक्यताही आहे. सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून फिजीतले नांदी शहर गाठले, तर एअरसाइड थांब्याला काहीच लागत नाही. देश एकच, समुद्र एकच, आणि वाट बदलली की एक अख्खा अर्ज कमी होतो.

मग भारतीय पासपोर्टला मोकळे थांबे कोणते? दुबई, अबू धाबी, दोहा, इस्तंबूल, सिंगापूर, अदिस अबाबा. एकाच तिकिटावर, एकाच विमानतळावर, एअरसाइड राहून पुढे जाणाऱ्या भारतीयाकडे इथे व्हिसा मागत नाहीत. या शहरांची विमान वाहतूक उभीच आहे ती वाटसरूंवर. स्थानिक प्रवासी मोजके, जगाच्या मधोमध असलेली जागा आणि दूरवर जाणारी विमाने, एवढ्या भांडवलावर त्यांनी हे केले आहे. वाटसरूला अडवले, तर त्यांचा धंदाच बसेल. लंडन किंवा न्यूयॉर्कचे पोट तसे वाटसरूंवर नाही, म्हणून ते अडवू शकतात. नियमाच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच गणित सापडते.

दक्षिण अमेरिकेला भारतातून थेट विमान नाही. मुंबई ते साओ पावलो हे अंतर हवाई मार्गाने पावणेचौदा हजार किलोमीटरच्या आसपास भरते, आणि एवढ्या दूर रोज विमान भरून जाईल इतके प्रवासी नाहीत. पण दुबई, दोहा, इस्तंबूल आणि अदिस अबाबा या चारही ठिकाणांहून साओ पावलोला विमाने जातात, म्हणजे एकाच थांब्यात ब्राझील गाठता येते. इथिओपियन एअरलाइन्सचे विमान मुंबईहून अदिस आणि तिथून अटलांटिक ओलांडून साओ पावलोला पोहोचवते. आफ्रिकेवरून दक्षिण अमेरिकेला जाता येते, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही, कारण आपल्या डोक्यातली प्रत्येक लांबची वाट युरोपवरून जाते.

मेक्सिकोची वाट तर आणखी रंजक. दुबईहून मेक्सिको सिटीला एमिरेट्सचे विमान आहे, पण ते बार्सिलोनाला थांबून जाते, आणि बार्सिलोना आले की स्पेनचा नियम तपासणे आले. तुर्की एअरलाइन्सचे विमान इस्तंबूलहून सरळ मेक्सिको सिटीला उतरते. परत येताना मात्र ते आधी कॅनकूनला जाते आणि तिथून अटलांटिक ओलांडते. असे का? मेक्सिको सिटीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण २,२०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही बरीच वर. तिथे हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोरही घटतो. पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन युरोपच्या टोकापर्यंत झेपावणे त्या धावपट्टीवरून कठीण होते. म्हणून विमान कमी इंधनावर उठून समुद्रकाठच्या कॅनकूनला उतरते, टाकी भरते आणि मग निघते. हा थांबा मेक्सिकोतच असल्याने व्हिसाचा नवा प्रश्न येत नाही. विमानाचा मार्ग आखताना हवेची घनता आणि दूतावासाचा नियम, दोन्ही एकाच कागदावर मांडावे लागतात, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नसेल.

या मोकळ्या वाटांवर एक दरवाजा मात्र सहज नजरेतून सुटतो, आणि तो आपल्याच देशाचा आहे. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत ब्राझील, इथिओपिया, केनिया आहेत. अशा देशातून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र हवे, नाहीतर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. विमानतळाबाहेर न पडलेल्या ट्रान्झिट प्रवाशाला सूट आहे, पण आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटली तरच. म्हणून अदिसवरून येताना बोर्डिंग पास जपून ठेवावेत. खुद्द ब्राझीलला जाणाऱ्याने लस घ्यावीच. ती घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेकडे ही लस मिळते. तिकीट परवाचे आणि लस आज, असे चालत नाही.

आता उलट दिशेची वाट. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणारी मराठी मुले-मुली न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरली आहेत, आणि भारतात येताना त्यांची जी अडचण होते ती घरच्यांना फोनवर धड समजत नाही. पासपोर्टवरचा व्हिसा हा देशात शिरण्याचा परवाना असतो. राहण्याची मुदत वेगळ्या नोंदीवर चालते, आणि ती आय-७९७ या मंजुरीपत्राने वाढवता येते. त्यामुळे व्हिसाची तारीख केव्हाच उलटून गेलेली, तरीही नोकरी आणि वास्तव्य पूर्ण कायदेशीर, अशी स्थिती तिथे अगदी सामान्य आहे. असा माणूस लग्नासाठी नागपूरला निघतो. भारतात स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, करून घेऊ, असा विचार असतो. स्वस्त तिकीट लंडनवरून मिळते, आणि तिथेच घात होतो. ब्रिटनची सूट टेकलेली आहे ती वैध अमेरिकी व्हिसावर. मंजुरीपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. ग्रीन कार्ड असलेल्या मित्राचा अनुभव इथे लागू पडत नाही.

अशांनी सरळ दिल्ली किंवा मुंबईचे थेट विमान धरावे किंवा दुबई, दोहा, अबू धाबी यांपैकी एखादा थांबा घ्यावा. थेट विमानांबाबत हल्ली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय कंपन्यांना बंद केले. तेव्हापासून त्यांची पश्चिमेकडची वाट लांबली, आणि अमेरिकेची काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरू लागली. प्रवासी जागेवरच बसून राहत असल्याने व्हिसाचा प्रश्न सहसा येत नाही, पण वेळ वाढतो आणि पुढचे विमान जोडलेले असेल तर ते हुकते. आणखी एक बारकावा असा की, येताना आणि जाताना माणूस तोच असला तरी कागद वेगळे असतात. परतीच्या वेळी पासपोर्टवर नवा व्हिसा असेल, तर लंडनची वाट उघडते. म्हणून जाण्या-येण्याचे दोन प्रवास स्वतंत्र समजून तपासावेत. अबू धाबीवरून परतणाऱ्यांना एक फायदा आहे. २०१४ पासून तिथे अमेरिकी अधिकारी विमानात बसण्यापूर्वीच इमिग्रेशन उरकतात. काही अडचण निघालीच, तर ती मुंबईपासून तीन तासांवर निघते, पंधरा-सोळा तासांवर नव्हे.

आतापर्यंतचे सगळे एका अटीवर खरे आहे. तिकीट एक असले पाहिजे. दोन वेगळी तिकिटे जोडून केलेला प्रवास स्वस्त दिसतो, आणि काही संकेतस्थळे अशी जोडणी स्वतःच करून ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे बारीक अक्षरांत लिहितात. त्याचा अर्थ असा की, पहिली कंपनी तुमची बॅग वाटेतल्या शहरातच सोडणार. बॅग पट्ट्यावर येते इमिग्रेशनच्या पलीकडे. ती घ्यायला त्या देशात शिरावे लागते, शिरायला व्हिसा लागतो. म्हणजे एरवी मोकळा असलेला थांबाही बंद होतो. शिवाय पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी नवे तिकीट घ्या म्हणते, आणि ते तिच्या नियमात बसते. एकाच तिकिटावर असाल, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कंपनीवर राहते.

विमानतळ बदलावा लागतो का, हेही पाहावे. इस्तंबूलला दोन मोठे विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला आणि एक आशियाच्या. टोकियोत नारिता आणि हानेदा, लंडनमध्ये हीथ्रो आणि गॅटविक, पॅरिसमध्ये शार्ल द गोल आणि ओर्ली. तिकिटावर शहराचे नाव एकच दिसते, पण मधे बसने शहर ओलांडायचे असते. तसे करणे म्हणजे देशात प्रवेश करणे. संकेतस्थळ ‘ट्रान्झिट ५ तास’ एवढेच दाखवते. म्हणून शहराचे नाव नव्हे, विमानतळाचे तीन अक्षरी चिन्ह वाचायची सवय लावून घ्यावी.

वाईट दिवस काय करतो, ते १ डिसेंबर २०२४ ला दिसले. मुंबईहून बहारीनमार्गे मँचेस्टरला निघालेल्या प्रवाशांचे विमान बहारीनहून उडाल्यावर बिघाडामुळे कुवेतला उतरवावे लागले. ज्या पासपोर्टना कुवेतमध्ये पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, त्या प्रवाशांना हॉटेलात जाता आले. भारतीय पासपोर्टवाल्यांना तसा व्हिसा मिळत नव्हता. सुमारे साठ भारतीय विमानतळावरच अडकले, काही जमिनीवर झोपले, आणि भारतीय दूतावासाची माणसे आल्यावर त्यांची लाउंजमध्ये सोय झाली. जवळपास एक दिवस अडकून मग ते पुढे निघाले. एप्रिल २०२५ मध्ये लंडनहून मुंबईला येणारे एक विमान वैद्यकीय अडचणीमुळे तुर्कस्तानातल्या दियारबाकिरला उतरले, तिथे नादुरुस्त झाले, आणि अडीचशेहून जास्त प्रवासी चाळीस तासांच्या आसपास तिथे अडकले. विमान कुठे उतरवायचे, हे प्रवाशाच्या हातात नसते. पण ठरलेल्या थांब्यावर अडकलो तर काय, याचा विचार आपल्या हातात असतो.

आखाती थांबे मला आवडतात, तरी त्यांची बाजू एकांगी मांडणे बरोबर नाही. १६ एप्रिल २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक पाऊस झाला आणि दुबईच्या धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या. २३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली आणि दोह्याचे आकाश काही तास बंद राहिले. हजारो माणसे जिथे होती तिथे अडकली. अशा वेळी दोन गोष्टी कामी येतात. एक म्हणजे त्या शहरातून आपल्या गावाला दिवसातून किती विमाने आहेत. दिवसाला चार-पाच असतील, तर गर्दी दोन दिवसांत निवळते. आठवड्याला तीन असतील, तर आठवडा जातो. दुसरी म्हणजे त्या देशात शिरण्याचा काही मार्ग आपल्याला आहे का. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयाला सिंगापूर पुढच्या प्रवासाच्या वाटेवर ९६ तास शहरात राहू देते. हा भाडेफरकात न दिसणारा विमा आहे. जिथे वीस तास जमिनीवर बसायची वेळ येऊ शकते, तिथे दोन-चार हजार रुपये वाचवू नयेत, विशेषतः लहान मूल किंवा औषधांवरचा माणूस बरोबर असेल तर.

आई-वडील एकटे निघणार असतील, तर मी आणखी कडक होतो. त्यांच्यासाठी थेट विमान, आणि ते परवडत नसेल तर एकच बदल, तोही एकाच कंपनीच्या एकाच टर्मिनलमध्ये. मधे तीन ते चार तास. दीड तासाचा बदल कंपनीच्या नियमात बसत असला, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो जिवावर येतो. व्हीलचेअर तिकिटाच्या वेळीच मागून ठेवावी. ती मागण्यात कमीपणा नाही, आणि व्हीलचेअर ढकलणारा माणूस वाट चुकत नाही. कोणत्या विमानतळावर कोणी काय विचारले, तर कोणता कागद दाखवायचा, हे मराठीत एका पानावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवून द्यावे. टर्मिनलच्या कोलाहलात फोन लागेलच असे नाही.

नियम तपासायची जागा एकच खात्रीची आहे. विमान कंपन्या ज्या भांडारावर विसंबतात त्याचे नाव टिमॅटिक. १९६३ पासून चालत आलेले हे संकलन आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना चालवते. चेक-इन काउंटरवरच्या पडद्यावर दिसते ते बहुतेक वेळा हेच. काही विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर प्रवाशांनाही ते पाहता येते. पासपोर्ट, हातातले व्हिसे, वाटेतला प्रत्येक विमानतळ आणि तारखा, सगळे भरून पाहावे. नुसते सुरुवातीचे आणि शेवटचे शहर टाकले, तर उत्तर अर्धवट येते. त्यासोबत वाटेतल्या देशाच्या दूतावासाचे अधिकृत पान वाचून त्याची प्रत जवळ ठेवावी. ट्रॅव्हल एजंट चांगला असेल, तर तो हे करतोच. पण त्याला ‘व्हिसा लागेल का’ असे मोघम विचारू नये. ‘बॅग कुठे मिळणार आणि मधे इमिग्रेशन कुठे’ असे विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, तर ते तिकीट घेऊ नये.

शेवटची तपासणी चेक-इनच्या क्षणी. बॅगेला टॅग लावला की त्यावरची अक्षरे वाचावीत. साओ पावलोला निघाला असाल, तर त्यावर जीआरयू हवे, मधल्या शहराचे चिन्ह नव्हे. आणि पुढच्या विमानाचा बोर्डिंग पासही तिथेच मागावा. तो मिळाला नाही, तर वाटेत ट्रान्सफर डेस्कवर जावे लागते, आणि सगळ्याच विमानतळांवर तो एअरसाइडला असेल असे नाही. दोन्ही हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नये, मागे रांग कितीही लांब असो.